कसोटीचीही कसोटी : मुलुंडच्या दोन रेणूंचा इतिहास

विज्ञानाचा इतिहास आपल्याकडे बहुधा शोधांचा आणि शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली अमुक शास्त्रज्ञाने अमुक शोध लावला, त्यास पारितोषिक मिळाले, आणि प्रकरण तेथेच संपते. तो शोध ज्या मोजमापावर उभा होता ते मोजमाप कोणी केले, कसे केले आणि कोणत्या अटींवर केले, हा भाग सहसा गाळला जातो. आम्ही राज्य शासनाच्या नापतौल विभागात उमेदीची सारी वर्षे काढली, म्हणूनही असेल, पण आमचे लक्ष आधी या गाळलेल्या भागाकडे जाते. मुंबईच्या मुलुंड उपनगरातील एका प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या दोन रेणूंचा, आणि त्यांचे गुण मोजणाऱ्या कसोट्यांचा इतिहास प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे. विषय जीवरसायनशास्त्राचा आहे. तथापि इंदूरकर वाचकास तो परका वाटण्याचे कारण नाही. सोन्याचा कस कसा लावतात हे ज्याने आपल्या सराफ्यात एकदा पाहिले आहे, त्यास या विषयाचे मर्म निम्मे कळलेले आहे.

सराफ काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढतो. त्या एका रेघेवरून त्यास काहीही सांगता येत नाही. तिच्या शेजारी तो ज्ञात कसाच्या सोन्याची रेघ ओढतो, दोन्हींवर आम्ल लावतो, आणि मग बोलतो. म्हणजे निर्णय दगड देत नाही, तुलना देते. आणि तुलनेसाठी दगड, आम्ल व शेजारची रेघ या तिन्ही गोष्टी विश्वासार्ह असाव्या लागतात. प्रयोगशाळेतील कसोटीचेही असेच आहे.

सजीवांच्या पेशींत चालणाऱ्या रासायनिक क्रिया ज्या प्रथिनांमुळे वेग घेतात त्यांस विकर म्हणतात. विकर हे इतके अल्प प्रमाणात असते की ते तराजूत घालून तोलण्यात अर्थ नसतो. ते मोजावयाचे ते त्याच्या कामावरून. ठराविक वेळात, ठराविक तापमानास, त्याने किती पदार्थाचे रूपांतर केले, हेच त्याचे माप. या शास्त्रात मराठी नाव घ्यावयाचे तर पहिले नाव डॉ. कमला सोहोनी यांचे घ्यावे लागेल, आणि त्यांचा जन्म १९११ साली आपल्या इंदुरातच झाला, याची आठवण येथे करून देणे उचित होईल. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांस मिळाली. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन असते, हे त्यांनी तेथील संशोधनात दाखवले होते. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधकांचा अभ्यास केला. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर. कच्च्या कडधान्यांत त्यास अटकाव करणारे पदार्थ असतात, आणि शिजवल्यावर ते बव्हंशी निष्प्रभ होतात. विकराचे काम आधी रोधकाविना मोजावयाचे, मग रोधक घालून मोजावयाचे, आणि दोहोंतील अंतर पाहावयाचे, ही त्या अभ्यासाची रीत. आमच्या कथेतील रेणूंची परीक्षाही याच रीतीने झाली. फक्त विकर निराळे होते.

ते विकर म्हणजे प्रोटीन कायनेझ. पेशीत ऊर्जेचे चलन म्हणून वावरणाऱ्या एटीपी या रेणूला तीन फॉस्फेट जोडलेले असतात. त्यांपैकी टोकाचा फॉस्फेट काढून तो एखाद्या प्रथिनावर बसवणे, एवढेच कायनेझचे काम. परंतु फॉस्फेट बसताच त्या प्रथिनाचा आकार व स्वभाव पालटतो. निद्रिस्त असेल तर ते जागे होते, किंवा कामात असेल तर थांबते. २००२ साली मानवी जनुकसंचातील कायनेझांची मोजदाद झाली तेव्हा त्यांची संख्या ५१८ भरली. पेशीने कधी वाढावे, कधी विभागावे, कधी मरावे, यांतील बहुतेक हुकुमांवर कोठे ना कोठे यांची सही असते. कर्करोगात यांपैकी काही सह्या वेळीअवेळी होऊ लागतात.

या क्रियेचा शोधच मुळी मोजमापातील एका बारकाव्यातून लागला. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील सिएटल येथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स हे स्नायूंतील फॉस्फोरिलेझ या विकराचा अभ्यास करीत होते. हे विकर क्रियाशील व निष्क्रिय अशा दोन रूपांत आढळते. जुन्या कृतीप्रमाणे स्नायूंचा अर्क गाळणकागदातून गाळला की क्रियाशील रूप मिळे; तोच अर्क यंत्रात फिरवून स्वच्छ केला की निष्क्रिय रूपच हाती येई. शोध घेता असे आढळले की कागदातील कॅल्शियमचा अंश अर्कात उतरत होता व त्यामुळे रूपांतर घडत होते. या धाग्यावरून जाता जाता त्यांस असे विकर सापडले की जे एटीपीतील फॉस्फेट फॉस्फोरिलेझवर बसवते. या कार्यासाठी त्या दोघांस १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गाळणकागद हाही कसोटीचा भाग असतो, हे त्यातून जगास कळले.

आता हे काम मोजावयाचे कसे? फॉस्फेट मोजण्याची एक उत्तम रीत आधीच उपलब्ध होती, आणि तिच्याशी एका भारतीयाचे नाव जोडलेले आहे. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासह १९२५ साली ती प्रसिद्ध केली. फॉस्फेटची मॉलिब्डेटशी क्रिया घडवून, त्यातून निळा रंग उत्पन्न करून, रंगाच्या गडदपणावरून फॉस्फेटचे प्रमाण ठरवावयाचे, अशी ती रीत. तिच्याच साहाय्याने या दोघांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन ओळखले, व १९२९ साली एटीपीही वेगळे केले. परंतु कायनेझच्या बाबतीत अडचण अशी की मिश्रणात फॉस्फेट सर्वत्र असते, आणि प्रथिनावर बसलेला अंश त्या मानाने अत्यल्प. भरल्या हौदात एक घागर पाणी ओतल्यावर हौदाची पातळी पाहून घागर मोजण्यासारखे ते होते.

यावर उपाय किरणोत्सारी फॉस्फरसाने दिला. १९५४ साली जॉर्ज बर्नेट आणि युजीन केनेडी यांनी उंदराच्या यकृतातील मायटोकाँड्रिया घेऊन, त्यांतील विकर दुधातील केसीन या प्रथिनावर फॉस्फेट बसवते, हे फॉस्फरस-३२ च्या साहाय्याने दाखवले. पुढे रूढ झालेली कृती अशी : एटीपीतील टोकाचाच फॉस्फेट किरणोत्सारी असलेला घ्यावयाचा, विकर, प्रथिन, मॅग्नेशियम व हा एटीपी एकत्र करावयाचे, ठरलेल्या मिनिटांनी आम्लाने क्रिया थांबवावयाची, प्रथिन कागदावर धरून ठेवून उरलेला एटीपी धुऊन काढावयाचा, आणि कागदावर किती किरणोत्सार शिल्लक आहे ते यंत्राने मोजावयाचे. फॉस्फरस-३२ दर चौदा दिवसांनी निम्मा होतो, म्हणून या प्रयोगांचे वेळापत्रक पंचांगासारखे आधी आखावे लागते. अलीकडे प्रकाशाच्या साहाय्याने मोजण्याच्या किरणोत्साररहित रीतीही प्रचारात आल्या आहेत. पण कसोटीची तत्त्वे तीच राहिली.

ती तत्त्वे थोडक्यात सांगतो, कारण पुढील सारा इतिहास त्यांवर अवलंबून आहे. पहिले, विकराविना तोच प्रयोग करून कोरा आकडा काढावा आणि तो वजा करावा. दुसरे, काम वेळेच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत असते त्या अवधीतच मोजणी करावी. कच्चा माल संपत आल्यावर केलेली मोजणी विकराविषयी काही सांगत नाही. तिसरे, कोणत्या प्रथिनावर फॉस्फेट बसवावयाचा ते विचारपूर्वक ठरवावे, कारण एक कायनेझ ज्या प्रथिनास ओळखते त्यास दुसरे ओळखेलच असे नाही. चौथे तत्त्व सर्वांत महत्त्वाचे. कायनेझचे बहुतेक रोधक एटीपीच्याच जागी जाऊन बसतात, त्यामुळे रोधक आणि एटीपी यांच्यात जागेसाठी स्पर्धा असते. पेशीत एटीपी काही मिलिमोलर असते. प्रयोगात ते पुष्कळदा त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढेच घेतात. प्रतिस्पर्धी दुबळा असला की कोणताही मल्ल बलवान दिसतो. म्हणून विकराचे काम निम्म्यावर आणण्यास रोधक किती लागला, हा आकडा देताना एटीपी किती होते ते सांगितले नाही, तर तो आकडा अपुरा समजावा. आमच्या खात्यात काट्याची पडताळणी झाल्यावर त्यावर वर्षाचा शिक्का उठवीत. कोणत्या काळी आणि कोणत्या मानकाशी तुलना केली हे त्या शिक्क्यावरून कळे. शिक्क्याविना काटा आणि अटींविना आकडा यांची योग्यता सारखीच.

आता मुलुंडकडे वळू. जर्मनीतील हेक्स्ट या औषधकंपनीने मुलुंड येथे संशोधन केंद्र चालवले होते, आणि भारतीय वनस्पतींतून नवे औषधी रेणू शोधणे हा त्याचा एक मुख्य उद्योग होता. १९७७ साली सुजाता भट, नोएल डिसूझा व त्यांचे सहकारी यांनी कोलियस फॉर्स्कोली या वनस्पतीच्या मुळांतील एका रेणूची रचना प्रसिद्ध केली. तोच पुढे फॉर्स्कोलिन नावाने प्रसिद्धीस आला. गुजरातेत ‘गरमर’ म्हणून जे मूळ लोणच्यात घालतात ते याच वनस्पतीचे. मुलुंडच्या परीक्षणात हा रेणू रक्तदाब कमी करणारा व हृदयाच्या आकुंचनास बळ देणारा ठरला होता. प्राण्यांवरील प्रयोगांत तेवढेच दिसत होते. तो असे का करतो, याचा उलगडा १९८१ साली झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केनेथ सीमन, विल्यम पॅजेट व जॉन डेली यांनी विकराचे काम प्रत्यक्ष मोजून दाखवले की फॉर्स्कोलिन अॅडेनिलेट सायक्लेझ या विकरास चेतवते. त्यामुळे पेशीत सायक्लिक एएमपी वाढते, आणि ते वाढले की प्रोटीन कायनेझ-ए जागे होते. तेव्हापासून हे कायनेझ जागे करावयाचे झाल्यास जगभरच्या प्रयोगशाळांत फॉर्स्कोलिनची कुपी उघडली जाते. रेणू मुलुंडचा, त्याची ओळख मात्र दुसरीकडे पटली, कारण योग्य कसोटी तेथे लावली गेली.

दुसऱ्या रेणूचा इतिहास याहून बोधप्रद आहे. कडुनिंबाच्या कुळातील डिसोझायलम बायनेक्टॅरिफेरम हा वृक्ष पश्चिम घाटात आढळतो. १९८८ साली आर. जी. नाईक, डिसूझा आणि मुलुंडच्या इतर संशोधकांनी या वृक्षातून मिळालेल्या रोहितुकिन या रेणूवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. हाच रेणू अमूरा रोहितुका या दुसऱ्या वृक्षातून १९७९ सालीच ज्ञात झाला होता, व नावही त्यावरून पडलेले आहे. मुलुंडच्या निबंधात त्याचे वर्णन दाहशामक व प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारा असे आहे. शोध तेव्हा सूज उतरवणाऱ्या औषधाचा चालू होता, परीक्षाही सुजेचीच होती, आणि उत्तर त्या परीक्षेस अनुसरूनच आले. रोहितुकिनच्या रचनेत फेरफार करून जे नवे रेणू बनवले गेले, त्यांतील एकास फ्लेव्होपिरिडॉल हे नाव मिळाले.

या रेणूस हेक्स्टच्या जर्मनीतील शाखेत निराळी कसोटी लागली. तेथे तो पेशीच्या पृष्ठभागावरील एका वाढग्राहकाच्या कायनेझास रोखतो असे आढळले, आणि कर्करोगावरील संभाव्य औषध म्हणून तो अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे गेला. येथे एक विसंगती पुढे आली. कर्करोगाच्या पेशींची वाढ फ्लेव्होपिरिडॉलच्या नॅनोमोलर मात्रेत थांबत होती. उलट त्या ग्राहकाचे कायनेझ रोखण्यास मायक्रोमोलर, म्हणजे कितीतरी पट अधिक मात्रा लागत होती. एवढ्या थोड्या मात्रेने पेशी थांबते, तर खरे लक्ष्य दुसरेच असले पाहिजे, हे उघड होते. ज्या टप्प्यावर पेशी थांबत होत्या तो विभाजनचक्राचा टप्पा पाहून लोसिविच, सॉसव्हिल, वोरलँड व सहकारी यांनी चक्राचे नियंत्रण करणाऱ्या सायक्लिन-आधारित कायनेझांवर कसोटी लावली, आणि १९९४ साली दाखवले की फ्लेव्होपिरिडॉल त्यांस नॅनोमोलर मात्रेतच रोखते. एटीपीच्या जागेसाठीची स्पर्धाही त्या प्रयोगांतून स्पष्ट झाली. त्याच वर्षी त्याच्या मानवी चाचण्यांस प्रारंभ झाला; या वर्गातील रोधकांपैकी माणसास दिला गेलेला हा पहिला रेणू होय.

पण ओळख येथेही पूर्ण झाली नव्हती. २००० साली आयोवा येथील डेव्हिड प्राइस यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की फ्लेव्होपिरिडॉल सर्वांत घट्ट धरते ते या कुलातील नवव्या कायनेझास. हे कायनेझ जनुकाच्या प्रतीलेखनास पुढे चाल देणारे आहे. ते थांबले की अल्पायुषी प्रथिने पुन्हा तयार होत नाहीत, आणि त्यांच्या आधारावर तगलेल्या रक्तकर्काच्या पेशी मरतात. ग्राहकाचा रोधक, विभाजनाचा रोधक, प्रतीलेखनाचा रोधक अशी तीन नावे एकाच रेणूस मिळाली. या काळात रेणूत काहीही बदल झाला नव्हता. त्यास विचारलेला प्रश्न प्रत्येक वेळी बदलला होता.

या इतिहासातील अत्यंत गंभीर प्रकरण मात्र पुढचे आहे, कारण तेथे प्रश्न रुग्णांच्या प्राणाचा होता. परीक्षानळीत पेशी वाढवताना त्यांस पोषण म्हणून गाईच्या गर्भाचा रक्तद्रव घालण्याचा प्रघात आहे. फ्लेव्होपिरिडॉलची परिणामकारक मात्रा अशा द्रवात मोजली गेली होती, आणि त्या आकड्यावर विसंबून रुग्णांस बहात्तर तास सलग संथ गतीने औषध देण्याचे कोष्टक आखले गेले. परिणाम निराशाजनक होते. पुढे असे लक्षात आले की माणसाच्या रक्तातील प्रथिने हा रेणू गाईच्या रक्तद्रवापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात बांधून ठेवतात. म्हणजे शिरेतून औषध जात होते, पण पेशीवर काम करण्यास मोकळे उरत होते ते फारच थोडे. ओहायो राज्य विद्यापीठातील जॉन बर्ड, मायकेल ग्रीव्हर व सहकाऱ्यांनी मानवी रक्तद्रवात पुन्हा मोजणी करून कोष्टक बदलले : निम्मे औषध अर्ध्या तासात, उरलेले पुढील चार तासांत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, इतर उपचारांस दाद न देणाऱ्या एका प्रकारच्या रक्तकर्काच्या ४२ रुग्णांपैकी १९ जणांत रोग अंशतः माघारी गेला. औषध इतके जोरात लागू पडले की मेलेल्या पेशींचे द्रव्य एकदम रक्तात उतरून काही रुग्णांच्या जीवास धोका निर्माण झाला, व त्यासाठी निराळी दक्षता घ्यावी लागली. औषध तेच होते. आधीच्या चाचण्यांत ज्यांच्या वाट्यास निराशा आली, त्यांची फसगत कोणी हेतुतः केली नव्हती. नळीतील रक्तद्रव गाईचा होता, एवढी एक अट आकड्यासोबत पुरेशा गांभीर्याने वाचली गेली नव्हती.

मुलुंडच्या केंद्राचे पुढे काय झाले, हेही सांगणे प्राप्त आहे. १९९८ साली ते निकोलस पिरामल या भारतीय कंपनीकडे आले. या कंपनीच्या संशोधकांनी त्याच कुळातील पी-२७६-०० हा नवा रेणू तयार केला. कल्पना जोशी व सहकाऱ्यांच्या २००७ च्या निबंधात चौथे, पहिले व नववे सायक्लिन-आधारित कायनेझ निम्म्यावर आणणाऱ्या मात्रा अनुक्रमे ६३, ७९ व २० नॅनोमोलर अशा दिल्या आहेत. या वेळी रेणू व कायनेझची कसोटी ही दोन्ही मुंबईची होती, याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. पी-२७६-०० मानवी चाचण्यांपर्यंत गेला. औषध मात्र झाला नाही. २०१४ साली त्या समूहाने नवे रेणू शोधण्याचे काम आवरते घेतले. फ्लेव्होपिरिडॉलही मान्यताप्राप्त औषध होऊ शकले नाही. त्याने दाखवलेल्या वाटेने इतर मात्र पुढे गेले. चौथ्या व सहाव्या कायनेझांसच नेमके रोखणारे पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य झाले, आणि आज अनेक स्त्रियांस त्याचा आधार आहे.

या साऱ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की आपल्या वनस्पती परकीयांनी नेल्या व श्रेय लाटले. आम्हांस तो निष्कर्ष अपुरा वाटतो. रेणू शोधणारी नावे निबंधांत स्पष्टपणे छापलेली आहेत. कोणी ती पुसलेली नाहीत. ज्या दोन प्रसंगी रेणूची खरी ओळख पटली, त्या दोन्ही प्रसंगी कायनेझ वा त्यास चेतवणारे विकर प्रत्यक्ष मोजण्याची सिद्धता अन्यत्र होती, ही त्यातील वस्तुस्थिती आहे. आपल्याकडे झाडपाल्याच्या गुणांविषयी अभिमानाने पुष्कळ बोलले जाते. अभिमानास आमचा विरोध नाही. परंतु गुण सांगताना तो कशावर, किती मात्रेत, कोणत्या द्रवात आणि कशाशी तुलना करून पाहिला, हे सांगण्याची सवय समाजास लागल्यावाचून त्या अभिमानाचे औषध होत नाही. इंदुरात जन्मलेल्या कमलाबाईंनी कडधान्यांच्या बाबतीत हेच केले होते. वालाच्या दाण्यात रोधक आहे एवढे म्हणून त्या थांबल्या नाहीत. तो किती आहे, हे त्यांनी मोजले. आमच्या शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींनी त्यांच्या नावाबरोबर त्यांची ही शिस्तही उचलावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.